आई दुसरी

४ फेब्रुवारी

ताई,

तुमचं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहायला बसते. त्यातही एक सुख आहे, मध्येच कुणी तोडत नाही. रविवारी तुम्ही फोन ह्यांना करता, मुलीशी बोलता आणि ठेवता. माझा आवाज आला की तुमच्याकडची रेंज जाते. म्हणून कागद. मुलीला तुमच्याकडून इकडे आणलं तेव्हा तुम्ही दारातच म्हणाला होतात, "महिन्याला एक पत्र टाकत जा, आणि खरं लिहीत जा." टाकते आहे.

तर मुलगी छान आहे. तुम्ही शिवलेला निळा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला तरी सोडत नाही. खोकला गेला. खालचा दात हलतोय, आणि तो येईल-जाईल त्याला जिभेनं हलवून दाखवते, मला बघवत नाही. झोपताना दिवा मालवला तरी आता चालतं. हे तिला टिंब म्हणतात, तर तेच नाव पडलं आहे. "घरात टिंबाएवढी, पण नसली की सगळा अर्थ बदलतो," असं एकदा म्हणाले होते. एवढं मोठं वाक्य ह्यांच्या तोंडून वर्षातून एखादंच येतं, म्हणून मी लक्षात ठेवलं.

"ती दिवसभर घरात बसून करते तरी काय," असं तुम्ही मागे ह्यांना विचारलंत म्हणे. ती म्हणजे मी. छापखान्यातून मजकूर येतो, तो छापण्याआधी वाचायचा आणि चुका लाल पेन्सिलीनं दाखवायच्या, हे माझं काम. हे तिकडे यंत्रावर असतात, मी इकडे जेवणाच्या टेबलावर. मी मोठ्यानं वाचते, अगदी काना-मात्रेसकट, कारण मनात वाचलं की डोळा लबाडी करतो, जे वाचायची तयारी असते तेच वाचतो. टिंब टेबलाखाली बसून ऐकते. बाकीच्या मुलांना गोष्टीत राजा आणि राणी लागते. आमच्या बाईसाहेबांना सध्या पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका आवडते, त्यातलं 'घ्यावयाची काळजी' हे प्रकरण तर तोंडपाठ आहे.

शाळेतून पालकभेटीची चिठ्ठी आली आहे. सगळ्यांनाच येते. तीत 'भेटिस यावे' असं लिहिलं आहे. मी वेलांटी दुरुस्त करून परत पाठवणार होते, ह्यांनी हात धरला.

तुम्हाला दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे. तुमची बहीण गेली तेव्हा ही पाळण्यात होती, आणि आमचं लग्न होईपर्यंत तुम्ही तिला तळहातावर वाढवलंत. शाळेचं हे पहिलं वर्ष संपेपर्यंत तिचं माझ्याजवळ मन रमलं नाही तर ती पुन्हा तुमच्याकडे येईल, असं ह्यांनी कबूल केलं. कबूल करताना मला कुणी विचारलं नाही. मी घरात नवी होते, आणि नव्या माणसाला फक्त चहा घेणार का एवढंच विचारतात. पण शब्द तो शब्द. वर्ष संपत आलं आहे आणि तिचं मन रमलेलं आहे. काळजी नसावी.


१० फेब्रुवारी

ताई,

महिना झालेला नाही, तरी लिहिते. खरं लिहायचं ठरलं आहे आणि मागच्या पत्रात मी जरा हात आखडता घेतला.

पालकभेटीची चिठ्ठी सगळ्यांना आलेली नाही. सगळ्यांना येते ती पिवळी असते, मुलांच्या दप्तराला टाचलेली. आपली बंद पाकिटात आली. 'पाल्याच्या वागणुकीविषयी व प्रगतीविषयी बोलावयाचे आहे. दोघांनी भेटिस यावे.' मी ती इतक्या वेळा वाचली की ती चुकीची वेलांटी मला बरोबर वाटायला लागली, आणि माझ्या बाबतीत हे फार वाईट लक्षण आहे.

हे म्हणाले, काहीतरी सांडलं असेल, फुटलं असेल. मला राहवेना. शाळा सुटताना मी वर्गबाईंना फाटकात गाठलं. तरुण आहेत, सतत सर्दी असते, पण मुलांशी बोलताना खाली वाकतात, म्हणून मला आवडतात. म्हणाल्या, "इथे उभ्या उभ्या नको. सोमवारी बसून बोलू." तोंड गोरंमोरं झालं होतं त्यांचं. तेवढ्यात एक चष्मेवाल्या बाई पुढे आल्या. त्यांची दोन वेण्यांवाली मुलगी टिंबाच्या शेजारी बसते. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं माझ्या मुलीला ढकललं, माहितीये का तुम्हाला? कोपर सोलवटलंय तिचं."

मी माफी मागितली. मग कळलं ते असं. वर्गात मुलांनी 'माझी आई' असं चित्र काढलं होतं, खाली अक्षरंही लिहिली होती. टिंब लाल खडू घेऊन उठली आणि इतर मुलांच्या चित्रांवर रेघा मारत सुटली. त्यांच्या आयांवर. दोन वेण्यांवालीनं आपला कागद पोटाशी धरला, म्हणून तिला ढकललं.

घरी येऊन मी टिंबाला विचारलं, चित्रांचं काय झालं गं? ती म्हणाली, "काम केलं." आणि दात हलवून दाखवला. ह्यापुढे मी विचारलं नाही. आपण ऐकायला तयार नसलो की प्रश्नही नीट विचारता येत नाही.

मुलं करतात असं. तुम्ही इतकी वर्षं दवाखान्यात मुलांचा वॉर्ड सांभाळता, तुम्ही यापेक्षा जास्त पाहिलं असेल. उगाच मनात काही आणू नका.


१४ फेब्रुवारी

ताई,

आज रविवार आहे. आत्ताच तुमचा फोन होऊन गेला. टिंब तुमच्याशी "हं, हं" करत होती आणि मी स्वयंपाकघरात पाण्याचा नळ बंद करून ऐकत होते, म्हणजे तुम्हाला ती काही सांगते का ते. तिनं काही सांगितलं नाही. मग मीच सांगते, कारण उद्या शाळेत बोलावलं आहे आणि त्यानंतर कदाचित मला लिहायचा धीर होणार नाही.

फाटकातल्या चष्मेवाल्या बाईंनी आणखी एक सांगितलं होतं, ते मी मागच्या पत्रात गाळलं. रेघा मारताना टिंब बोलत होती. प्रत्येक मुलाला एकच वाक्य. "आई दुसरी. आई दुसरी." त्या बाईंनी ते सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि मग चष्मा पुसायला लागल्या. त्यांना माहीत आहे. शाळेत सगळ्यांना माहीत असतं.

आम्ही तिच्यापासून काही लपवलेलं नाही. तुमच्या बहिणीचा फोटो टेबलाच्या वर लावलेला आहे, टिंब झोपायला जाताना त्याला हात हलवते, कधीकधी दातही दाखवते. ती पहिली आणि मी नंतरची, हे तिला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि वर्गभर सांगत फिरणं वेगळं. पाच वर्षांचं पोर दुसऱ्यांच्या आया लाल खडूनं खोडतं, ते उगाच खोडत नसणार.

आता सगळंच लिहिते. तिनं आजवर मला एकदाही आई म्हणून हाक मारलेली नाही. काकू नाही, मावशी नाही, काहीच नाही. येते, माझी बाही ओढते आणि बोलायला लागते. माझ्या सगळ्या झग्यांच्या उजव्या बाह्या लोंबायला लागल्या आहेत. मी ह्यांना कधी बोलून दाखवलं नाही. वाटायचं, म्हणेल. जबरदस्तीनं म्हणवून घेतलेलं काय कामाचं. पण पलीकडच्या घरातली पोरं दिवसभर "आई, आई" करून त्यांच्या आईच्या नाकी नऊ आणतात, तेव्हा मी खिडकी लावून घेते. हे मी तुम्हाला सोडून कुणाला लिहिणार. तुम्हाला मी आवडत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला सोपं जातं.

तिचं मन रमलं आहे असं मी दर महिन्याला लिहीत आले. मला तसं वाटत होतं. जे वाचायची तयारी असते तेच वाचते आहे की काय मी, कुणास ठाऊक.

उद्या वर्गबाई म्हणाल्या की मुलगी इथे सुखी नाही, तर मी आडवी येणार नाही. हे लिहिताना मला रडू येतंय, पण त्याचा विचार तुम्ही करू नका. स्वेटर कोणता लहान झाला, खोकल्याचं कोणतं औषध तिला चालत नाही, ते तुम्हाला माझ्याहून आधीपासून माहीत आहे. नवीन एकच सांगायचं आहे. ती झोपायला तयार नसली की तिला काहीतरी कंटाळवाणं वाचून दाखवायचं, पण सावकाश आणि चुका न गाळता.


१५ फेब्रुवारी

ताई,

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते आज कळलं. कालचं पत्र सकाळीच टाकून बसले, नाहीतर फाडलं असतं. पण आता सगळं सुरुवातीपासून सांगते.

हे यंत्रावरून तसेच आले होते, बोटांना शाई. वर्गात मुलांच्या छोट्या खुर्च्या असतात, त्यावर बसले तर गुडघे हनुवटीला लागले. शाईचे हात मांड्यांखाली दाबून ठेवले. शिक्षा झालेल्या मुलासारखे दिसत होते. टिंबाला कोपऱ्यात ठोकळे दिले होते. बाई समोर, हातात रुमाल, टेबलावर चित्रांचा गठ्ठा.

बाईंनी आधी चांगलं सांगितलं. आकडे येतात. ऐकलेलं लक्षात राहतं. कात्री चालवता येत नाही. गाण्याच्या तासाला तोंड उघडत नाही, आणि दुसऱ्यांच्या डब्यात मात्र हक्कानं हात घालते. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, अहो, मुद्द्यावर या.

मग त्यांनी चित्रं पसरली. ताई, ती बघताना माझं काय झालं सांगता येत नाही. त्रिकोणी झगे घातलेल्या, काड्यांसारख्या हातांच्या सगळ्या आया, आणि त्यांच्या पायांमधून आरपार गेलेल्या जाड लाल रेघा. कागदाच्या कडेला लाल रंगातच काहीतरी वेटोळं.

"हा बहुतेक साप आहे," बाई हळूच म्हणाल्या. "आणि हा तिचा स्वतःचा कागद." त्यावर काही नव्हतं. खाली 'आई' एवढं लिहिलेलं, वर सगळं कोरं. सगळ्यांच्या आया खोडल्या, आणि स्वतःची काढलीच नाही.

बाईंनी रुमालाची घडी केली, परत उलगडली. "म्हणजे, घरी... तुम्ही तिच्या..."

"मी तिची दुसरी आई आहे," मी म्हटलं. त्यांना किती वेळ ताटकळत ठेवायचं.

"तेच," त्या म्हणाल्या आणि मोकळा श्वास घेतला. "ती वर्गात हेच सांगत फिरते हो. आई दुसरी, आई दुसरी. ज्याला पटत नाही त्याच्या अंगावर जाते. मी मुख्याध्यापिकांशीही बोलले. आम्हाला वाटतं, तिच्या मनात काहीतरी सलतंय."

माझ्या डोळ्यांपुढे चित्रं हलायला लागली होती. तुमच्याकडे जाणारी मुलीची बॅग मला दिसत होती, तिची साखळी लागत नाही हेसुद्धा.

"सगळ्यांवर नाहीये," हे म्हणाले.

बाई म्हणाल्या, "काय नाहीये?"

"रेघ. ह्याच्यावर आहे, ह्याच्यावर आहे, ह्या दोघांवर नाही. हिच्यावरही नाही." ह्यांनी मांडीखालून एक काळं बोट काढलं आणि चित्रं टेबलावर दोन बाजूंना सरकवायला लागले, खराब निघालेले ताव वेगळे काढतात तसे. मग दोन्ही ढीग बघून थांबले. माझ्याकडे वळले. "तू बघ जरा. तुझं काम आहे हे."

मी पाहिलं आणि तरीही मला दिसलं नाही. आजवर कुठल्या कुठल्या पुस्तकांतल्या चुका धरल्या, पण तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मनात एकच वाक्य. बाईंनी कंटाळून, किंवा कीव येऊन म्हणा, टिंबाला हाक मारली.

"बाळ, इकडे ये. हे तू काय केलंस ते सांगशील?"

टिंब आली. चित्रं ओळखीची निघाल्यासारखी मान डोलावली. "तपासलं," म्हणाली.

"काय तपासलं?"

"ह्यानं पहिली काढलीये." तिनं एका आईच्या पायाखाली बोट ठेवलं. "हिनं पण पहिली. आई दुसरी असते. मी सांगितलं सगळ्यांना. पहिली काढली की आई चुकते."

ताई, 'आइ' लिहिलं होतं. एका ढिगात सगळ्यांनी 'आइ' लिहिलं होतं, आणि दुसऱ्या ढिगात 'आई'. जिथे इ चुकली तिथेच रेघ. रेघ अक्षरावर होती, पण खडू जाडा, कागद लहान आणि हात पाच वर्षांचा, म्हणून ती आयांच्या पायांतून गेली. आणि कडेचा तो साप म्हणजे बरोबर ई, मी समासात काढते तशी.

बाईंना अजून कळलं नव्हतं. शाळेत छोटी इ आणि मोठी ई शिकवतात. आमच्या घरात पहिली आणि दुसरी. छापखान्यात सगळे तेच म्हणतात, मीही दिवसभर टेबलावर तेच बडबडत असते, 'पाणी दुसरी, विहीर दुसरी, किंमत दुसरी नाही पहिली'. माझाच शब्द, माझ्याच तोंडचा, आणि तो मला फाटकात परक्या तोंडून ऐकू आला तेव्हा मी ओळखला नाही. मी त्यात स्वतःला वाचलं.

आधी हे हसले. ह्यांचं हसणं तुम्ही कधी ऐकलं आहे का मला माहीत नाही, मी फार क्वचित ऐकलं आहे. ती छोटी खुर्ची हलायला लागली. मग मी बाईंना समजावून सांगितलं, म्हणजे सांगायला लागले आणि मध्येच हसू की रडू असं झालं. बाईंनी रुमालात तोंड लपवलं. "अहो, मी मुख्याध्यापिकांना सांगून बसले," त्या आतूनच म्हणाल्या. "त्यांनी रात्रभर विचार केला म्हणे."

टिंब आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. मोठी माणसं कामाच्या वेळी हसतात हे तिला पटलं नसावं.

"मग तुझं चित्र का नाही काढलंस?" बाईंनी विचारलं.

"वेळच नाही मिळाला. सगळ्यांचं चुकलं होतं."

ढकलण्याबद्दल मात्र बाईंनी सोडलं नाही, आणि ते बरं केलं. चूक दाखवायची असली तर आधी विचारायचं, दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही, आणि उद्या दोन वेण्यांवालीची माफी मागायची. टिंब म्हणाली, "पण तिनं पहिली काढली होती." बाई म्हणाल्या, "काढू दे. तिचा कागद आहे." हे ऐकून टिंबाचा जो चेहरा झाला तसा माझा होतो, संपादक दुरुस्त्या न करताच छापायला पाठवतात तेव्हा.

आम्ही उठलो. मला वाटलं, संपलं. आणि बाई म्हणाल्या, "आणखी एक होतं. आता विचारू की नको कळत नाही." माझं पाऊल तिथेच अडकलं. "ती सारखी म्हणते, माझी आई म्हणते असं, माझी आई म्हणते तसं. दिवसातून कितीतरी वेळा. मला वाटलं, ती गेलेल्या आईबद्दल बोलते आहे, मनानं काहीतरी रचून. म्हणून मी कधी खोलात गेले नाही."

"काय म्हणते तिची आई?" मी विचारलं.

"म्हणते, घाईत वाचलं की चूक निसटते. डोळे दुखले की खिडकीतून लांबचं झाड बघायचं." बाई आठवत होत्या. "आणि परवा म्हणाली, माझी आई म्हणते बाईंना 'भेटीस' लिहिता येत नाही."

मी खाली बसले, ताई. त्या छोट्या खुर्चीवर, पुन्हा. हे सगळं मी म्हणते. खिडकीतलं झाड आमच्या गल्लीतलं आहे. माझ्यासमोर जिनं कधी तो शब्द काढला नाही, ती वर्षभर शाळेत दिवसातून कितीतरी वेळा मला आई म्हणत होती, आणि सगळी शाळा ऐकत होती, मी सोडून. बाईंना वेलांटीबद्दल सॉरी म्हणायचं राहूनच गेलं. त्यांनीच हसून माझ्या हातावर हात ठेवला.

परत येताना टिंब पुढे उड्या मारत होती. मी ह्यांना विचारलं, मग मला का नाही म्हणत? ह्यांनी तिचं दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. मग म्हणाले, "तू समोरच असतेस. समोरच्या माणसाला कोण हाक मारतं?"

हे पुन्हा यंत्रावर गेले. आम्ही दोघी वाटेतल्या कठड्यावर बसलो आणि मी डोळे पुसले. टिंबानं माझी बाही ओढली आणि विचारलं की पंप बिघडला तर आधी काय तपासायचं, मला येतं का. मी म्हटलं नाही येत. मग तिनं सांगितलं.

तुमच्या बहिणीची जागा मी घेतलेली नाही, हे तुम्हाला एकदा स्पष्ट लिहायचं होतं. फोटो तिथेच राहील, टिंब त्याला हात हलवत राहील. ती पहिलीच आहे. मला दुसरी म्हटल्याचं इतके दिवस वाईट वाटायचं, आज वाटत नाही.


२३ फेब्रुवारी

ताई,

परवा रविवारी फोन मीच उचलला. "त्यांना दे," म्हणालात. मी दिला, पण तिथेच उभी राहिले. वॉर्डाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला हाका मारायची तुम्हाला सवय, तुमचा आवाज फोनबाहेर येतो. माझं रडकं पत्र पोचलं आहे आणि त्यानंतरचं अजून वाटेत आहे, हे पहिल्याच वाक्यात कळलं. "सुट्टी लागली की मी येते. जातानाची दोन तिकिटं काढते, माझं आणि तिचं." हे म्हणाले, "बघू."

फोन ठेवल्यावर मी ह्यांना सोलून काढलं. सरळ सांगता येत नव्हतं का? हे म्हणाले, "तू लिही. तुझं वाचतात त्या." मला हे माहीतच नव्हतं. तुम्ही म्हणे दर रविवारी माझ्या पत्रातलं काहीतरी विचारता. दात पडला का, पंपाची पुस्तिका संपली का. हे मला कधी बोलले नाहीत, कारण तुम्ही सांगू नको म्हणाला होतात, आणि गप्प राहायला सांगितलं की हे फार आज्ञाधारक असतात. म्हणजे आपण दोघी इतके दिवस एकमेकींचं ऐकत होतो, आणि मध्ये हे गृहस्थ भिंतीसारखे उभे.

दात पडला. टिंबानं दोन वेण्यांवालीची माफी मागितली आणि तिला तो पडलेला दात देऊ केला, तिनं घेतला नाही, पण गट्टी झाली. आता दोघी मिळून तपासतात. आधी विचारतात.

त्या दिवशीची एक गोष्ट मी तुम्हाला लिहिली नव्हती. जरा मत्सर वाटला म्हणून. वर्गबाई म्हणाल्या होत्या, ही 'माझी आई म्हणते' च्या खालोखाल 'माझी मावशी म्हणते' असं म्हणते. मावशी म्हणते नखं खाल्ली की पोटात दुखतं, मावशी म्हणते रडून झालं की नाक शिंकरायचं, मगच बोलायचं. तुम्ही तिला शिकवलेलं तिनं काही सांडलेलं नाही. तुम्ही येणार हे कळल्यापासून तिनं पलंगावर तुमची जागा ठरवून ठेवली आहे, भिंतीकडची, आणि ह्यांना खाली चटईवर पाठवलं आहे. ह्यांचं आजपासूनच सवय करून घेणं चालू आहे.

ते दुसरं पत्र आता तुमच्या हातात पडलं असेल. त्यातलं सगळं खरं आहे, वर्गबाईंना विचारून बघा, त्यांचं नाक बरं असलं तर बोलतील. ह्यांनी दिलेला शब्द ह्यांचा होता. माझा मी आत्ता देते, कुणी विचारायची वाट न बघता. सुट्टी लागली की या, हवं तितकं राहा, माझं काय चुकतं ते मला तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन आणि थोडं भांडेनही.

परतीचं तिकीट मात्र एकच काढा, ताई. मुलगी तिच्या आईजवळ राहणार आहे.